साडेचार हजार फुटांवरून दादाला

३ डिसेंबर
खडकवणी हवाईपट्टी

दादा,

फोन तू उचलत नाहीस. रोज लावते. पूर्ण रिंग जाते आणि मग ती बाई बोलायला लागते. म्हणून कागद. घरच्या पत्त्यावर टाकलं असतं तर पोस्टमन पत्र दुकानात ठेवून गेला असता आणि तुझ्याआधी अर्ध्या वेवजी गावाने वाचलं असतं. म्हणून तुझ्या मल्याणच्या डाय कारखान्यावर पाठवतेय. फाडायचं असेल तर फाड, पण वाचून फाड.

आईच्या बाराव्याला आले तेव्हा तू मला पाणी दिलंस, बसायला चटई टाकलीस. पाहुण्याला टाकतात तशी. निलमवहिनी मला कायम 'ए दक्षा' करते, ती म्हणाली, "ताई, प्रवासाने दमला असाल." आपल्याच घरात मला कुणी अहो-जाहो केलं. मी कुठे बघू ते मला कळेना.

तू दिवसभरात एकच वाक्य बोललास. "रजा मागितलीस तरी का?"

मी म्हटलं, "मागितली. नाय दिली."

तू माझ्याकडे बघितलंस, आणि बैलांना पाणी दाखवायला म्हणून उठलास. माझी बस जाईपर्यंत परत आला नाहीस.

इथले नियम कडक आहेत, दादा. सरकारी निवडीतून वैमानिक व्हायला आलेल्यांना तर जास्तच. एवढंच सांगते.

दुसरं काहीतरी सांगू? तू मला इथे सोडायला आला होतास तेव्हा कुंपणाबाहेर उभा राहून विचारलं होतंस, एवढं लोखंड वर जातं कसं. मला तेव्हा उत्तर येत नव्हतं. आता येतं. पहिली गोष्ट, ते लोखंड नाही, ॲल्युमिनियम आहे. पत्रा इतका पातळ की अंगठ्याने जोरात दाबला तर खळगा पडेल. आमचं विमान दोन माणसांचं. चौघांनी मागून ढकललं तर सरकतं.

आमचे शिकवणारे प्रविण सर. साठीचे आहेत, हवाई दलात होते, बोलतात इतकं हळू की सगळा वर्ग पुढे वाकून बसतो. पहिल्या तासाला त्यांनी आम्हाला हात पुढे करायला लावले. म्हणाले, "खेकडा समुद्राच्या तळाशी राहतो तसे आपण हवेच्या तळाशी राहतो. तुमच्या या तळहातावर आत्ता ऐंशी किलो हवा बसलेली आहे." भाताची गोणी, दादा. मी हाताकडे बघत राहिले. हात खाली का जात नाही? तर खालूनही तेवढंच ओझं वर ढकलत असतं. जन्मल्यापासून दोन्ही बाजूंनी दाब, म्हणून आपल्याला कळत नाही.

पंख एवढंच करतो की वरच्या बाजूचं ओझं थोडं कमी करतो. वरची हवा वेगाने जाते, तिचा दाब उतरतो, पंखामागची हवा खाली ढकलली जाते, आणि खालचा दाब विमान उचलतो. फरक किती? सरांनी एक पोस्टकार्ड धरून दाखवलं. एवढ्या जागेवर पाऊण किलोसुद्धा नाही. एवढ्याशा फरकावर माणूस आभाळात. त्या दिवशी जेवताना माझा घास हातातच राहिला होता.

उंची दाखवणारं घड्याळही उंची मोजत नाही. ते डोक्यावर किती हवा उरली ते मोजतं. हवामान बदललं की त्याला आजचा दाब सांगावा लागतो, नाहीतर ते शांतपणे खोटी उंची दाखवत राहतं आणि आपण डोंगरात.

तुला हे आवडेल असं वाटलं. तूही डायचे साचे करताना पोलादावर केसाएवढी रेघ कोरतोस.

दक्षा


२२ डिसेंबर

दादा,

उत्तर नाही आलं. पण पत्र परतही नाही आलं, म्हणजे तुझ्याकडे आहे.

लहानपणी कासाहून जीपने येताना तू कडेला बसायचास आणि मी तुझ्या मांडीवरून हात बाहेर काढायचे, आठवतं? तळहात सपाट ठेवला तर वारा कापत जायचा. पुढची कड जरा उचलली की हात आपोआप वर. अजून उचलली तर अजून वर. आणि फारच उभा केला की हात थडथडायचा आणि मागे फेकला जायचा. आई ओरडायची, "हात तुटंल!"

तो थडथडाट म्हणजे स्टॉल. लोकांना वाटतं स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं. इंजिनाचा संबंधच नाही. पंख वाऱ्याला फार उभा धरला की वरची हवा पंखाला सोडून देते. मग विमान हे विमान राहत नाही. आम्हाला ते मुद्दाम करायला लावतात, जमिनीपासून खूप वर. नाक वर, अजून वर, समोर फक्त आभाळ, आवाज कमी होत जातो, एक भोंगा रडायला लागतो, सगळं थरथरतं आणि विमान पडायला लागतं.

पहिल्यांदा मी दांडा पोटाशी ओढला. पडतोय म्हटल्यावर वर खेच, हेच सुचतं. सर शांतपणे म्हणाले, "सगळे तेच करतात. त्यानेच मरतात. नाक खाली कर, दक्षा."

पडत असताना स्वतःहून नाक जमिनीकडे करायचं. दादा, हात ऐकत नाही. मी केलं. समोर शेतं आली, वेग आला, आणि पंखाने हवा परत धरली. धरल्याचं अंगाला कळतं, बैलगाडीचं जू मानेवर बसल्यासारखं. मी मोठ्याने हसले. का ते माहीत नाही.

आणि मी एकटीने उडाले. कधी ते सोड. सकाळी सरांबरोबर तीन चकरा झाल्या, मग त्यांनी धावपट्टीच्या कडेला विमान थांबवायला लावलं. इंजिन चालूच. ते उतरले. रिकाम्या सीटचा पट्टा नीट बांधला, म्हणजे तो कुठे अडकायला नको. दारातून वाकून म्हणाले, "एक चक्कर. ये, मग चहा घेऊ." आणि पाठ फिरवून चालायला लागले. मागे बघितलंसुद्धा नाही.

मी सगळी यादी मोठ्याने म्हटली, सर शेजारी असल्यासारखी. इंधन, झडपा, पट्टा, वारा कुठून आहे. मग इंजिनाचा दांडा पुढे. एका माणसाचं वजन कमी झालेलं विमान काय उडी मारतं! जिथे रोज चाक सुटतं त्याच्या कितीतरी आधी सुटलं. मी खाली बघितलं तर धावपट्टी माझ्या मागे पडलेली आणि मी वर. कुणी शिकवणारं नाही, कुणी धरणारं नाही. डावीकडे वळायचं, पुन्हा डावीकडे, मग धावपट्टीला समांतर उलटं जायचं. तिथे मी शेजारच्या सीटकडे बघितलं. पट्टा बांधलेला आणि आत कुणी नाही.

उतरताना जमिनीच्या अगदी जवळ आलं की विमान उतरायचं नाकारतं. पंख आणि जमीन यांच्यात हवेची गादी तयार होते. त्या गादीवर ते तरंगत राहतं, एक सेकंद, दोन, तीन, आणि आपण फक्त धीर धरायचा. मग चाकं टेकतात. टेकली, दादा. कुणाला कळलंही नसतं इतकी हळू.

पहिल्या सोलोनंतर अंगावर पाण्याची बादली ओततात, रीत आहे. माझ्यावरही ओतली. सगळे टाळ्या वाजवत होते. मी रडत होते, पण पाण्यामुळे कुणाला समजलं नाही.

दक्षा


१८ जानेवारी

दादा,

आज मी डहाणूवर होते. साडेचार हजार फूट वर.

तिथे असायला नको होते. सगळं क्रमाने सांगते.

आज माझं एकटीचं लांबचं उड्डाण होतं. इथून पश्चिमेला घाट ओलांडायचा, दमणगंगा समुद्राला मिळते तिथवर जायचं, वळायचं, परत. जाताना साडेचार हजार फूट, येताना साडेपाच हजार. जाणारे आणि येणारे एकाच उंचीवर समोरासमोर नकोत म्हणून अशी उंची वाटून दिलेली असते. आमचं विमान माझ्यापेक्षा वयाने मोठं. त्यात नकाशा दाखवणारा पडदा नाही. कागदाचा नकाशा, घड्याळ आणि कंपास. या दिशेने, इतक्या वेगाने, इतकी मिनिटं गेलीस म्हणजे तू इथे असशील, असं आपण स्वतःला सांगत जायचं आणि खालची नदी, रस्ता, तळं दिसलं की ताडून बघायचं.

दिशा दाखवणाऱ्या तबकड्या दोन. एक चुंबकाची. ती खरी, पण सारखी डुलते, वळताना तर भलतंच काही दाखवते. दुसरी आत भोवरा फिरत असलेली, तिला गायरो म्हणतात. ती एकदम स्थिर, डोळ्याला आवडते. पण ती स्वतः दिशा ओळखत नाही. आपण लावून देऊ ती दिशा धरून बसते, आणि त्यातूनही हळूहळू सरकते. म्हणून दर पंधरा मिनिटांनी, विमान सरळ असताना, चुंबकाच्या तबकडीशी ती जुळवायची. हे पहिल्या आठवड्यात शिकवतात.

मी निघताना ती घाईत लावली, चुंबक डुलत असतानाच. आणि नंतर एकदाही जुळवली नाही. आज अठरा तारीख होती. आईला जाऊन दोन महिने. माझं लक्ष कुठे होतं ते तुला सांगायला नको.

घाट संपला तसं खाली धुरकट झालं. या दिवसांत किनाऱ्याला सकाळी असतंच. उत्तरेचा वारा मला बाजूला ढकलत होता, तेही मी धरलं नाही. बेचाळिसाव्या मिनिटाला समुद्र आला, ठरल्याप्रमाणे, आणि खाली एक मुख दिसलं, पाणी आत शिरलेलं. दमणगंगा, मी म्हटलं. नकाशावर खूणसुद्धा केली. दोन्ही काठांना किल्ले दिसायला हवे होते. दिसेनात. मी म्हटलं, धुक्यात असतील. पूल? असेल पुढे. सर म्हणतात, हरवलेला माणूस नकाशा जमिनीशी ताडून बघत नाही, जमीनच नकाशात कोंबतो. मी तेच करत होते. नीट दिसावं म्हणून खालीही उतरायला लागले होते. आणि परतीसाठी वळले.

वळताना डावा पंख खाली झुकला आणि त्या पंखाखालून चिमणी वर आली.

वीजकेंद्राची. खाडीच्या कडेला, एकटी, उंच. बोर्डीच्या वाळूत उभं राहून तू मला दाखवायचास ती. दमणला अशी चिमणी नाही, दादा.

त्याच क्षणी खालचं सगळं जिथल्या तिथे जाऊन बसलं. ती डहाणूची खाडी होती. तिला इतकी बोटं आहेत हे मला खालून कधी कळलं नव्हतं, झाडाच्या मुळासारखी आत आत गेलेली. काठाला होड्या. रेल्वेची रेघ. चिकूच्या वाड्या, काळपट हिरव्या, रांगेत, त्यातल्या कुठल्या तरी झाडांवर आई वीस वर्षं शिडी लावून चढली. दक्षिणेला वाढवणच्या अंगाला ओहोटीने उघडे पडलेले काळे खडक, आणि खडकांच्या पलीकडे पाण्याचे तीन रंग, एकात एक न मिसळलेले. मल्याण कुठलं ते ओळखता आलं. तुझ्या कारखान्याचं छप्पर नाही ओळखता आलं. पण त्या तेवढ्या चौकोनात तू कुठेतरी भिंग लावून वाकलेला होतास. माझा नवरा नाही, बाप नाही, आता आई नाही. जगात माझं जे एक माणूस आहे ते माझ्या बुटाखाली होतं, आणि मी हरवलेली होते.

मी लगेच सांगितलं नाही. आधी एक गोल चक्कर मारली. मग रेडिओचं बटण दाबलं.

"मी स्टुडंट आहे, एकटी आहे. ठरलेल्या मार्गावर नाही. डहाणूच्या चिमणीजवळ आहे."

टॉवरमधल्या माणसाने विचारलं, "इंधन किती?"

"दोन तास चाळीस मिनिटं."

"चिमणी नक्की तीच?"

"नक्की. माझं गाव इथलंच आहे."

रेडिओवर असं बोलायचं नसतं.  तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, "ठीक. आधी वर चढ, साडेपाच हजार. मग सरळ उड आणि दोन्ही तबकड्या जुळवून मला सांग."

जुळवल्या. सतरा अंशांचा फरक होता. मी पाऊण तास सतरा अंश चुकीची उडत होते आणि मला ठाम खात्री होती.

नकाशावर चिमणीपासून इथवर नवी रेघ ओढली आणि निघाले. डावीकडे उत्तरेला कुर्झे धरणाचं पाणी धुक्यातून एकदाच चमकलं. त्याच्या पलीकडे वेवजी. आपल्या नदीचा तो काठ, जिथे आईला नेलं. दोन मिनिटं तिकडे वळले असते तर... नाही वळले. दिलेली दिशा धरली.

मग महालक्ष्मीचा डोंगर आला, वरून त्याचं टोक केवढंसं दिसतं. हायवे, चारोटी, आणि कासा. मी दवाखाना शोधला. छपरं सगळी सारखी. पण सायवनचा रस्ता दिसला, आई त्या दिवशी जिच्याकडे होती त्या नवशीमावशीच्या घराकडून येणारा, वळणावळणाचा. त्याच रस्त्याने तू आईला जीपमध्ये मांडीवर घेऊन आणलंस. वरून तो सगळा रस्ता मला एका नजरेत दिसत होता, पहिल्या वळणापासून शेवटच्या वळणापर्यंत. मी एका मिनिटात त्याच्यावरून गेले. तुला किती वेळ लागला होता, ते मी तुला कधी विचारलंच नाही.

उतरले तेव्हा सर धावपट्टीच्या कडेला उन्हात उभे होते. ओरडले नाहीत. खोलीत नेलं, नकाशा पसरला, पट्टी ठेवली.

"खाली का उतरत होतीस?"

"नीट दिसावं म्हणून."

त्यांनी माझ्या चुकलेल्या दिशेने रेघ ओढली. रेघ त्र्यंबकच्या डोंगरांपाशी गेली. "सव्वाचार हजार फूट. धुक्यात, तू चार हजारावर. चिमणी दिसली नसती तर?"

मी रेघेच्या टोकावर बोट ठेवलं.

"चिमणी ओळखल्यापासून रेडिओवर सांगेपर्यंत किती वेळ गेला?"

"चार मिनिटं."

"का?"

"लाज वाटली, सर."

त्यांनी पेन्सिलीने नकाशावर मोजलं. "चार मिनिटं म्हणजे सहा मैल. तू गोल फिरलीस म्हणून वाचलीस. सरळ असतीस तर लाजेपायी अजून सहा मैल हरवली असतीस. हरवणं हा गुन्हा नाही, दक्षा. मीही हरवलोय. पण हरवल्यावर पहिलं काम वर चढायचं, आणि दुसरं, कबूल करायचं. त्याच क्षणी."

ते गेले. मी नकाशासमोर बसून राहिले.

दक्षा


२० जानेवारी

दादा,

रजा मी मागितली नव्हती.

हे वाक्य लिहायला दोन दिवस लागले. तीन कागद फाडले. आता पुढचं लिहिते.

अठरा नोव्हेंबरला दुपारी तुझा फोन आला. तू म्हणालास, "आई गेली. कासाहून घरी नेतोय. सकाळपर्यंत थांबवतो, तू ये." मी म्हटलं, विचारते. मी ऑफिसच्या दारापर्यंत गेले. आत दिवा होता, बाई बसलेल्या होत्या. दाराशेजारच्या फळ्यावर दुसऱ्या दिवसाची यादी लागली होती. धोडी दक्षा, सोलो चाचणी, सकाळी सहा पंचेचाळीस.

मला वाटलं, गेले तर परत येऊ शकणार नाही. तेरा दिवस घरात बसले, वहिनीच्या, मावशीच्या गळ्यात पडून रडले, तर माझे पाय परत इकडे वळणार नाहीत. मला स्वतःची भीती वाटली. आईपेक्षा मी ती चक्कर मोठी धरली. मी दारातूनच परत फिरले आणि तुला फोन करून सांगितलं की रजा नाही.

सरांनाही सांगितलं नाही. त्यांना ठाऊक असतं तर त्यांनी मला विमानाजवळ उभं केलं नसतं.

डिसेंबरच्या पत्रात 'कधी ते सोड' असं लिहिलं होतं. एकोणीस नोव्हेंबर, सकाळी सात वाजून दहा मिनिटं. तेव्हा तुम्ही आईला अंगणात आणलं असेल. माझं चाक जमिनीवरून सुटलं तेव्हा तुम्ही तिला उचललं असेल. तुम्ही नदीवर अंघोळी करत होतात आणि इथे माझ्या अंगावर बादली ओतत होते. टाळ्या वाजवत.

आणि सगळ्यात वाईट ते शेवटी. ती चक्कर सुंदर होती, दादा. मला वाटलं होतं की वाईट वाटेल, हात कापतील. नाही. वर गेल्यावर ऊन धावपट्टीवर आडवं पडलं होतं, लांब कुठेतरी गोदावरीचं पाणी चकाकत होतं, आणि मी इतकी आनंदात होते की मला आईची आठवणसुद्धा आली नाही. सात मिनिटं. उतरल्यावर आली. तेव्हापासून मला त्या सात मिनिटांचं काय करावं कळत नाही.

काल सरांनाही सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला त्या दिवशी सांगितलं असतंस तर मी स्वतः गाडी काढून तुला घाटाखाली सोडलं असतं." मग म्हणाले, "भावाला कळवलंस?"

आता कळवलं.

तू माफ कर असं लिहीत नाही. तुला खरं माहीत असावं एवढंच.

दक्षा


९ फेब्रुवारी

दादा,

दहा दिवस मला जमिनीवर ठेवलं होतं. लेखी द्यायला लावलं, काय चुकलं, का चुकलं. मग सर शेजारी बसून दोनदा तोच मार्ग करून घेतला. परवा पुन्हा एकटीला सोडलं.

दर दहा मिनिटांनी तबकडी जुळवली. हवा स्वच्छ होती. घाटाच्या कडेवरूनच समुद्र दिसायला लागला, आणि तो सपाट नव्हता दादा, कडेला वाकलेला होता. खरंच वाकलेला का माझ्या डोळ्यांना तसा वाटला ते सांगता येणार नाही. सर म्हणतात इतक्या उंचीवरून दिसत नाही. मला दिसला.

दमणगंगेच्या मुखाशी दोन्ही किल्ले होते, मध्ये पूल. मी खूण केली आणि वळले.

एवढंच. पत्रं लिहायची मी थांबवणार नाही. तू वाचतोस की नाही ते विचारणारही नाही.

दक्षा


१७ फेब्रुवारी
मल्याण, डहाणू

दक्षा,

सगळी पत्रं मिळाली. मला तुझ्यासारखं लिहिता येत नाय, दहावीनंतर पहिल्यांदा लिहितोय.

रजेचं मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अठरा तारखेला तू नाय म्हणालीस म्हणून मीच तुमच्या ऑफिसात फोन केला. म्हटलं, हात जोडतो, पोरीची आई गेली, पाठवा तिला. बाई म्हणाल्या, तिने तर मागितलीच नाय, आत्ता मागितली तर आत्ता देतो, बोलावू का तिला? मी म्हटलं, नको.

का नको म्हटलं ते मलाही कळत नाय. तिथे आई ओट्यावर, इथे मी फोन धरून. तुला ओढून आणावी असं वाटलं नाय. आली तर स्वतःहून यावी.

बाराव्याला मी म्हणून विचारलं. तू खरं बोलली असतीस तर मी ओरडलो असतो, कदाचित हातही उचलला असता, पण तिथेच बसलो असतो तुझ्याजवळ. तू खोटं बोललीस म्हणून उठलो. आईला पोचवायला तू आली नाय, त्यासाठी नाय.

राग गेलेला नाय. खोटं लिहीत नाय.

त्या दिवशी तू वरून गेलीस ते मला काय कळलं नाय. मशीन चालू होती. पत्र आल्यावर शेठ म्हणाला, अठरा तारखेला अकराच्या सुमाराला मी बाहेर बिडी ओढत होतो, एक छोटं विमान चिमणीभोवती फिरत होतं, मी म्हटलं याचं डोकं फिरलंय काय. मी शेठला सांगितलं, ती माझी बहीण. सगळा कारखाना मशीन बंद करून बाहेर आला. विमान जाऊन आठवडा उलटलेला, वर काय असणार? तरी सगळे वर बघत उभे होते. मीपण.

सायवनहून कासाला आम्हाला पन्नास मिनिटं लागली. आई बोलत होती अर्ध्यापर्यंत. काय बोलत होती ते समोर बसून सांगेन, पत्रात नाय.

रविवारी येतो. चारोटीहून जव्हारमार्गे सकाळची एसटी आहे. निलम नाचणीची भाकर बांधून देणार आहे, तिकडे कायतरी खाऊ नको सांगते. तुझ्या त्या सरांना भेटव. ते विमान मला बोटाने दाबून बघायचंय, खळगा पडला तर पडला.

आणि एक विचारायचं होतं. लहानपणापासून डोक्यात आहे, कोणाला विचारलं नाय, लोक हसतात. तू ढगातून गेलीस का अजून? आत हात घातला तर ओला होतो का?

नितीन